‘पुरावा अपुरा’ एवढ्यावर दावा निकाली निघत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनहक्काच्या दाव्यांची बातमी आली की वाचकांच्या पत्रांत दोन तट पडतात. एकाच्या मते जंगल अतिक्रमणदारांच्या घशात चालले आहे, दुसऱ्याच्या मते आदिवासींवर पुन्हा अन्याय झाला आहे. दोन्हीकडे तळमळ असते. पण ज्या कागदावर दावा मंजूर किंवा नामंजूर होतो, तो कागद कोणी वाचत नाही. तो वाचणे हे शासनाच्या विधी सल्लागाराचे काम. प्रत्यक्षात तो त्याच्या टेबलावर येतो तो उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्यावर, ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय तातडीने सादर करावेत’ अशा पत्रासोबत. मागणी एवढीच आहे की जिल्हास्तरीय समितीच्या सह्या होण्याआधी नामंजुरीची प्रत्येक फाईल विधी सल्लागाराने तपासावी. काय तपासायचे तेही सविस्तर लिहितो, नाहीतर ‘तपासले, योग्य आहे’ असा आणखी एक शिक्का तेवढा वाढेल.

सहीनंतर उपयोग का नाही, ते आधी सांगतो. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैधानिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच उभा राहतो किंवा पडतो. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येत नाही. म्हणजे नामंजूर दाव्यांच्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ‘पुरावा अपुरा’ एवढेच असेल, तर सरकारी वकील कितीही हुशार असला तरी तो त्या दोन शब्दांपलीकडे जाऊ शकत नाही. फाईलमध्ये खरे कारण असेलही. आदेशात ते नाही, म्हणून प्रकरण फेरविचारासाठी परत येते, आणि दावेदाराची व सरकारची वर्षे फुकट जातात.

‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’ हा कायदा ३१ डिसेंबर २००७ रोजी अमलात आला. नियम १ जानेवारी २००८ चे आहेत आणि ६ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांत मोठी दुरुस्ती झाली. दावा आधी ग्रामसभा तपासते, मग तो उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. त्या दुरुस्तीने आलेला नियम १२-अ हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. जिथे अजून २००८ च्या छापील नमुन्यांवर काम चालते, तिथे हा नियम जणू झालाच नाही. ग्रामसभेच्या शिफारशीत बदल करणारा किंवा ती फेटाळणारा उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीचा प्रत्येक निर्णय सकारण आदेशाच्या स्वरूपात हवा, असे हा नियम सांगतो. शंभर दाव्यांना एकच टिपणी जोडली तर तो शंभर दाव्यांचा आदेश होत नाही. प्रत्येक दाव्यात कोणते पुरावे जोडले होते, त्यातल्या प्रत्येकातून काय दिसते, ग्रामसभा काय म्हणाली आणि समितीला ते का पटले नाही, हे आदेशात यायला हवे. अर्धे पान पुरते. पण ते अर्धे पान त्या दावेदाराचे असले पाहिजे.

आता पुराव्याकडे येतो, कारण खरी गफलत इथे होते. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे आणि त्यातले एकाहून अधिक पुरावे हवेत, म्हणजे किमान दोन. जनगणना, सर्वेक्षण, नकाशे, वन विभागाच्या कार्य आयोजना यांसारखी सरकारी कागदपत्रे त्यात आहेत. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या आहेत. जमिनीवर दिसणाऱ्या खुणा आहेत: घर, झोपडी, बांध, सपाटीकरण. न्यायालयीन कागद आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही आहे. समितीने अमुकच प्रकारचा कागद हवा असा हट्ट धरायचा नाही, हेही नियम १२-अ मध्येच आहे. जमिनीवरचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, अशी कायद्याची अट आहे. त्यावरून ‘१३ डिसेंबर २००५ पूर्वीची दंडाची पावती जोडलेली नाही’ हे कारण तरीही वाचायला मिळते. जरा विचार करून पाहा: वनरक्षकाने गुन्हा नोंदवला नाही, म्हणून तो माणूस तिथे कसत नव्हता? नियम याचे उत्तर सरळ देतो. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणदारांच्या याद्या, प्राथमिक गुन्हा अहवाल किंवा त्यांचा अभाव, हे नामंजुरीचे एकमेव कारण होऊ शकत नाही. असा शेरा दिसला की विधी सल्लागाराने ती फाईल तिथेच थांबवावी.

वडीलधाऱ्यांचा जबाब हा सर्वांत स्वस्त पुरावा, आणि सर्वांत वाईट रीतीने लिहिला जाणाराही तोच. ‘सदर इसम सदर जमीन पूर्वापार कसत आहे हे मी जाणतो’ हे वाक्य वीस जबाबांत अक्षरशः तसेच असेल, तर समितीला शंका येणारच, आणि ती रास्तही आहे. जबाब देणाऱ्याचे वय आणि तो सांगतो ते वर्ष यांचा मेळ आधी बसवा. २००८ साली ५५ वर्षांचा असलेला माणूस १९५० ची गोष्ट डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगू शकत नाही. वडिलांकडून ऐकली असे म्हणू शकतो, मग तसेच लिहा. वर्ष आठवत नसेल तर खुणेच्या घटनेशी जोडा. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि १९७२ चा दुष्काळ या खुणा वडीलधारी माणसे सहसा विसरत नाहीत. जमिनीच्या चतु:सीमा माणसांच्या नावांबरोबर नाला, मोहाचे झाड, दगडी बांध, पायवाट अशा हलणार नाहीत अशा खुणांनीही लिहा. जबाब वाचून दाखवल्याची नोंद आणि वाचून दाखवणाऱ्याची सही असू द्या. जबाब देणारा भिली, कोरकू किंवा माडिया बोलत असेल तर मराठीत कोणी सांगितले हेही लिहा. एवढे केले तर एक जबाब तीन कागदांचे काम करतो.

उपग्रह छायाचित्राचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात विज्ञानाचा दबदबा असतो. रंगीत चित्रावर हिरवे दिसले की बैठकीत कोणी बोलत नाही. नियमाने छायाचित्राला पूरक पुराव्याचे स्थान दिले आहे. ते इतर पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये केवळ अशा छायाचित्रांवर विसंबून फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले. त्यामागचे तांत्रिक कारण साधे आहे. भारतीय दूरसंवेदन उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवर २३.५ मीटर बाजूचा चौकोन. एक एकराचा तुकडा अशा चित्रात जेमतेम सात ठिपक्यांचा होतो, आणि त्यातले निम्मे कडेचे, म्हणजे अर्धे शेत अर्धे झाड. शिवाय चित्र कोणत्या महिन्यातले हे कोणी विचारत नाही. डोंगरउतारावरची नाचणी-वरई निघाल्यावर फेब्रुवारीत ते शेत आणि शेजारचे माळरान सारखेच दिसते. उतारावरचा तुकडा दोन-तीन वर्षे पडीक टाकून पुन्हा कसायची रीत असेल, तर नेमके पडीक वर्षातले चित्र आले की कब्जाच नाही असा निष्कर्ष निघतो. म्हणून आदेशात छायाचित्राचा उल्लेख असेल तर चित्राची तारीख, उपग्रह व कॅमेऱ्याचे नाव, आणि दाव्याची सीमा त्यावर कोणत्या निर्देशांकांनी बसवली, एवढे तरी लिहिलेले हवे. ते नसेल तर तो पुरावा नाही, नुसते चित्र आहे.

मोजणीतही तसेच. दावेदार अंदाजाने ‘पाच एकर’ लिहितो, जीपीएस घेऊन फिरल्यावर १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर भरते, आणि पट्टा येतो ०.४० हेक्टरचा. मधल्या घटीचे कारण कुठेच नसते. कायद्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे आणि तिच्या आत प्रत्यक्ष कब्जाएवढे क्षेत्र मान्य करायचे आहे. ‘प्रत्येकी एक एकर’ असे सरसकट वाटप कायद्यात कुठेही नाही. खळे, गुरे बांधायची जागा अशी शेतीला जोडून वापरलेली जमीनही कब्जात धरायची आहे, हे नियम १२-अ मध्ये स्पष्ट आहे. हातातल्या जीपीएस यंत्राची चूक काही मीटरची असते आणि लहान तुकड्यांना तीच मारते. २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा साधारण ४५ मीटर बाजूचा. चारही कडा पाच-पाच मीटर आत पडल्या तर बाजू ३५ मीटर उरते आणि क्षेत्र १२ गुंठ्यांवर येते. दाट झाडीखाली किंवा कड्याच्या पायथ्याशी असे होऊ शकते. उपाय खर्चिक नाही: प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र स्थिर होईपर्यंत थांबायचे, दावेदाराला आणि शेजाऱ्याला सोबत फिरवायचे, नकाशावर दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि एक-दोन बाजू टेपने मोजून ताळा घ्यायचा.

दाव्यात कक्ष क्रमांक (वन नकाशावरचा जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) नाही म्हणून फेटाळलेला दावा हा तर सरकारी कामाचा नमुनाच म्हणायचा. वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या ग्रामसभेला पुरवणे हे नियम ६ प्रमाणे उपविभागीय समितीचे काम. नकाशा द्यायचा नाही आणि मग नकाशावरचा क्रमांक का लिहिला नाही म्हणून विचारायचे, हे न्यायालयात दोन मिनिटेही टिकणार नाही.

स्थळपाहणीला वन किंवा महसूल विभागाचा प्रतिनिधी आला नाही आणि नंतर त्याच विभागाने ‘आमच्या अनुपस्थितीत पाहणी झाली’ अशी हरकत घेतली, तर काय करायचे याचेही उत्तर नियमात आहे. दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे जातो. दुसऱ्या वेळीही प्रतिनिधी आला नाही तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने पाठवलेल्या सूचनेची पोच फाईलला लावलेली असणे फार महत्त्वाचे आहे. पोच नसेल तर ग्रामसभेच्या बाजूने असलेला हा नियम वापरताच येत नाही. प्रतिनिधी आला असेल तर त्याने पंचनाम्यावर हुद्दा, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची आहे. अभिप्राय न देता सही करून महिनाभराने कार्यालयातून विरोधाचे पत्र पाठवायचे, याला विधी सल्लागाराने किंमत देऊ नये.

आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींच्या दाव्यांत ‘७५ वर्षांचा पुरावा नाही’ हा शेरा ठरलेला. कायद्यात तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे हे खरे, पण ती अट जंगलात किंवा जंगलावर अवलंबून राहण्याची आहे, त्याच तुकड्यावर ७५ वर्षे नांगर चालवल्याची नाही. जमिनीवरचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असला की पुरे. हा फरक न कळल्यामुळे ज्यांचे आजोबा गावच्या दप्तरात सापडतात त्यांचेही दावे पडतात.

ग्रामसभेच्या ठरावातली चूक मात्र ग्रामसभेची असते आणि ती झाकण्यात कोणाचेच भले नाही. २०१२ नंतर गणपूर्ती एकूण सदस्यांच्या निम्मी आहे, आधी ती दोन तृतीयांश होती. हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी उपस्थित हवेत. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, अनुसूचित जमातीचे सदस्य असतील तिथे दोन तृतीयांश त्यांचे, आणि किमान एक तृतीयांश महिला. नोंदवहीत सह्या ६० आणि मतदार ४१० असतील तर तो ठराव कच्चाच. असा ठराव हाती आला तर दावा फेटाळायचा नसतो. ठराव अपुरा वाटला किंवा आणखी तपास हवा असला, तर दावा ग्रामसभेकडे फेरविचारासाठी परत पाठवणे नियमाने बंधनकारक केले आहे. परत पाठवताना त्रुटी नेमकी लिहायची. ‘त्रुटीपूर्तता करून सादर करावे’ या ओळीने ग्रामसेवकाला काहीच कळत नाही.

सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यात आणखी एक मेख आहे: ग्रामसभा कोणाची? चार-पाच गावांच्या ग्रामपंचायतीची एकत्र सभा घेऊन एका गावाच्या जंगलाचा ठराव केला, तर शेजारच्या गावाला हरकतीसाठी आयते कारण मिळते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये देशातले पहिले सामूहिक हक्क मिळाले. गाव लहान होते, सभा त्या गावाची होती आणि सीमा लोकांना पायाखालची माहीत होती. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या जंगल-चराईच्या हक्कांच्या आणि वहिवाटीच्या जुन्या सरकारी नोंदी) हे अशा दाव्यांचे भक्कम पुरावे आहेत. ते तहसील किंवा जिल्हा अभिलेखागारात असतात आणि ते काढून देणे हे सरकारचे काम आहे, गावाचे नाही. रायगडमधल्या दळी (आदिवासींना कसायला दिलेल्या डोंगरउतारावरच्या वनजमिनी) जमिनींच्या नोंदी, ठाणे-नाशिकचे एकसाली (एकेका वर्षासाठी दिलेले) पट्टे, अक्राणी-अक्कलकुव्यातल्या वनगावांचे कागद यांनाही हेच लागू. वन विकास महामंडळाकडे दिलेली जमीन किंवा १९७५ च्या कायद्याने संपादित झालेले खासगी वन म्हणून दावा बसत नाही, असे कोणी लिहिले तर कलम २(घ) मधली वनजमिनीची व्याख्या त्याच्यासमोर ठेवावी. ती बरीच रुंद आहे. राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, सगळे तिच्यात येते.

समिती पूर्ण होती का, हे बैठकीच्या आधी पाहायचे. उपविभागीय समितीत प्रांत, वन अधिकारी आणि आदिवासी विकासचा अधिकारी यांच्यासोबत पंचायत समितीचे तीन सदस्य असतात. जिल्हास्तरावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, आदिवासी विकासचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे तीन सदस्य. जिल्हा परिषदेवर प्रशासक असला की या तीन खुर्च्यांवर कोण, हा प्रश्न उभा राहतो. तीन अधिकाऱ्यांनीच हजारभर दावे निकाली काढले तर याचिकेतला पहिला मुद्दा तोच असणार. त्यावर शासनाने आधीच लेखी निर्णय घेतलेला असावा.

मग येते नोटीस. नामंजुरी किंवा बदल दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा आहे, कारण त्या दिवसापासून दाद मागण्याचे ६० दिवस सुरू होतात, आणि समितीला वाटल्यास आणखी ३० मिळतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी डकवली, सरपंचाची सही घेतली, याला व्यक्तिशः कळवणे म्हणत नाहीत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला नोव्हेंबरात यादी लावून जानेवारीत मुदत संपल्याचे सांगणे हे कायद्याच्या शब्दांतही बसत नाही. पोचपावतीवर तारीख नसेल तर मुदत सुरूच झाली नाही असे धरून चालावे. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय कायद्याप्रमाणे अंतिम. पण महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपिलाची वाट उघडली आहे. नोटिशीत ती वाट लिहिलेली नसेल तर दावेदाराला कळणार कशी?

हे सगळे चालू असताना जमिनीवरून हुसकायचे नाही, हे कलम ४(५) सांगते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना हटवण्याचे आदेश दिले आणि २८ फेब्रुवारीला ते स्थगित केले. सोबत दावे फेटाळताना प्रक्रिया कशी राबवली हे राज्यांना प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावले. ‘कशी राबवली’ याचे उत्तर वरच्या तपशिलांतच आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जानेवारी २०१६ पासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला वनहक्कांपासून बेकायदा वंचित करणे हा स्पष्ट गुन्हा आहे. पीक उपटायला ट्रॅक्टर पाठवण्याआधी वनक्षेत्रपालाने हे कलम वाचलेले बरे, आणि ते त्याला लेखी कळवणे विधी सल्लागाराचे काम.

त्याच टेबलावर दुसरा गठ्ठा असतो: आदिवासी खातेदाराच्या मालकी जमिनीचे हस्तांतरण. इथे सगळा खेळ तारखांचा आहे. विक्री १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ यांच्या दरम्यान झाली असेल तर १९७४ चा ‘अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा’ अधिनियम लागतो. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आहे. ६ जुलै १९७४ नंतरची असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ. चुकीच्या कायद्याखाली आदेश दिला की तो अपिलात गेलाच म्हणून समजा. पहिल्या कायद्यात जमीन ६ जुलै १९७४ पर्यंत बिगरशेती झाली नव्हती ना, हे पाहायचे. जमीन परत घेणाऱ्याने आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) ४८ पट किंवा मूळ खरेदीची रक्कम, यांतले कमी असेल ते, अधिक सुधारणांची किंमत द्यायची असते, आणि ती १२ वार्षिक हप्त्यांत देता येते. ही सवलत नोटिशीत लिहिलेली नसेल तर माणूस आकडा ऐकूनच माघार घेतो. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार प्रकरणात डिसेंबर १९८४ मध्ये मान्य केली. वकिलांना या कामात उभे राहण्यास मनाई करणारे कलम ९-अ सुद्धा त्यात टिकले. म्हणजे इथे आदिवासीच्या बाजूने बोलायला वकील नाही. कायदा जाणणारा एकच माणूस खोलीत असू शकतो, तो सरकारचा. त्याने गप्प बसून कसे चालेल?

कलम ३६-अ खाली पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने होते, बाकी सर्व व्यवहारांना शासनाची पूर्वमान्यता लागते. परवानगीआधी त्या गावात किंवा ५ किलोमीटरच्या आत जमीन घ्यायला दुसरा आदिवासी तयार नाही, याची खात्री करायची असते. प्रकरणात ही खात्री अनेकदा तलाठ्याच्या एका ओळीवर उरकली जाते. दवंडी पिटल्याचा पंचनामा नाही, आजूबाजूच्या पाड्यांची नावे नाहीत. कलमात ‘विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा किंवा अन्यथा’ असे शब्द आहेत, त्यामुळे कुलमुखत्यारपत्र, ताबा देऊन केलेली विसार पावती, न्यायालयातला समझोता हुकूमनामा, हे सगळे त्या ‘अन्यथा’च्या कक्षेत तपासायचे. आदिवासी-आदिवासी व्यवहार म्हणून आलेल्या प्रकरणात खरेदीदाराच्या जात वैधता प्रमाणपत्राकडे आणि पैसा कोणाच्या खात्यातून गेला याकडे पाहावे. जुन्या विक्रीत विकणाऱ्याची जमात त्या दिवशी त्या तालुक्यापुरती यादीत होती का, हाही प्रश्न येतो, कारण क्षेत्रबंधने १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठली आणि ती दुरुस्ती २७ जुलै १९७७ पासून लागू झाली.

व्यवहार बेकायदा ठरला तरी काम संपत नाही. जमीन आधी सरकारकडे जाते, मग मूळ आदिवासीला नोटीस देऊन ती घेण्यास तो तयार आहे का हे ९० दिवसांत कळवायला सांगायचे असते. ही दुसरी नोटीस निघायची राहून गेली की निकाल आदिवासीच्या बाजूने आणि सातबारा सरकारच्या नावे, अशी स्थिती कितीही काळ राहू शकते. निकालाची प्रत आणि दुसरी नोटीस एकाच दिवशी टपालात पडावी, एवढी साधी सूचना पुरेल.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. वन विभाग विरोधात लिहितो, आदिवासी विकास बाजूने, महसूल विभाग तळ्यात-मळ्यात. तिघांची तीन प्रतिज्ञापत्रे एकाच याचिकेत दाखल झाली की खंडपीठ विचारते, शासनाची भूमिका कोणती? विधी सल्लागार यातल्या कोणत्याही एका विभागाचा वकील नाही. ग्रामसभेचा ठराव कायद्यात बसत असेल तर ‘या आदेशाचे समर्थन करता येणार नाही’ असे त्याने लेखी लिहावे, आणि असे लिहिल्याबद्दल त्याच्या कंत्राटाच्या नूतनीकरणावर परिणाम होऊ नये. हे दुसरे पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण या सल्लागारांतले कित्येकजण वर्षभराच्या नेमणुकीवर असतात.

दावा मंजूर झाला तरी शेवटचा टप्पा सातबाऱ्याचा. विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे द्यायचा आहे. पत्नीचे नाव नसलेला पट्टा कलम ४(४) च्या विरुद्ध आहे. दावेदार दरम्यान वारला तर दावा निरस्त होत नाही, हक्क वारसाला जातो. हा हक्क विकता येत नाही, पण नोंद अभिलेखात रीतसर झाली पाहिजे. ती फक्त ‘इतर हक्कां’त आली की पीक कर्जाच्या काउंटरवर ‘मालक तर वन विभाग दिसतो’ असे उत्तर मिळते. अंतिम नकाशासह नोंद तीन महिन्यांत करायची मुदत नियमात आहे. म्हणून पट्टा वाटपाच्या कार्यक्रमाआधी त्या गावचे फेरफार क्रमांक तयार असावेत, आणि पट्ट्यासोबत सातबाऱ्याचा उतारा त्याच दिवशी दोघांच्या हाती द्यावा.

आपला,
एक निवृत्त शासकीय विधी सल्लागार
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)